आपल्या भागातला मोबाइल टॉवर अपग्रेड झाला का, हे कसं ओळखायचं

टॉवरवर काम झालं की नाही हे रेंजच्या दांड्यांवरून कळत नाही, आणि नुसत्या स्पीड टेस्टवरून तर मुळीच नाही. कुठल्या सिग्नलला किती दांड्या दाखवायच्या हे फोनचं सॉफ्टवेअर ठरवतं. स्पीड तर त्या घडीला सेलवर, म्हणजे टॉवरच्या एका दिशेच्या एका फ्रिक्वेन्सीवर, किती गर्दी आहे त्यानुसार वरखाली होतो. पक्की खूण मिळते ती सेलच्या क्रमांकांत. नवा बँड (फ्रिक्वेन्सीचा पट्टा) चढला, सेक्टर (टॉवरने एका दिशेला व्यापलेला भाग) वाढला किंवा जुनी यंत्रणा काढून दुसऱ्या बनावटीची बसवली, की या क्रमांकांत भर पडते किंवा ते बदलतात. म्हणून काम सुरू होण्याआधीची नोंद हाताशी हवी. ती नसेल तर नंतर ताडून बघायला काहीच उरत नाही.

लागणारं साहित्य

एक अँड्रॉइड फोन, ज्या कंपनीवर नजर ठेवायची तिचं सिम आणि सेलचे क्रमांक दाखवणारं नेटमॉन्स्टर किंवा सेलमॅपरसारखं ॲप. ॲपला लोकेशनची परवानगी द्या आणि फोनचं लोकेशनही चालू ठेवा. ते बंद असेल तर अँड्रॉइड सेलची माहिती ॲपला देतच नाही. आयफोनवर बाहेरच्या ॲपना ही माहिती मिळत नाही. तिथे *३००१#१२३४५#* डायल करून उघडणारा फील्ड टेस्ट पडदा तेवढा आहे, पण नेहमीच्या नोंदींसाठी तो गैरसोयीचा.

वाय-फाय बंद करा, मोबाइल डेटा चालू करा आणि नोंद घेताना एखादा व्हिडिओ चालू ठेवा. फोन निवांत असला की कंपनीने ठरवलेल्या प्राधान्यक्रमानुसार एखाद्या बँडवर बसून राहतो. डेटा वाहू लागला की मग दुसऱ्या बँडवर सरकतो किंवा दोन-तीन बँड जोडून घेतो. निवांत फोनच्या नोंदीत निम्मं चित्र सुटतं.

क्रमांक वाचायचा कसा

फोरजीमध्ये प्रत्येक सेलला २८ बिटांचा ओळख क्रमांक असतो. त्याला २५६ ने भागा. भागाकार म्हणजे ईएनबी, अर्थात त्या साइटच्या यंत्रणेचा क्रमांक. बाकी म्हणजे सेल. समजा ३०८६३६१७ दिसला. २५६ ने भागल्यावर १२०५६१ येतात आणि बाकी १ उरते. म्हणजे ईएनबी १२०५६१, सेल १. बहुतेक ॲप हा हिशोब स्वतःच करून देतात, पण काही फक्त मोठा आकडा दाखवतात. २१४७४८३६४७ हा आकडा दिसला तर तो सेल नव्हे. मोडेमने (फोनमधल्या नेटवर्कच्या चिपने) माहिती दिली नाही एवढाच त्याचा अर्थ. नवखे लोक हा आकडा इमानेइतबारे वहीत उतरवून ठेवतात.

सेल क्रमांक देण्याची प्रत्येक कंपनीची रीत वेगळी. तरी एका टॉवरचे सगळे सेल गोळा केले की रीत उलगडते: एका बँडच्या तीन सेक्टरना १, २, ३ आणि दुसऱ्या बँडला ११, १२, १३, असं काहीतरी. त्यासाठी टॉवरभोवती पायी एक फेरी मारा, म्हणजे तिन्ही सेक्टर पकडले जातात.

दुसरा आकडा ईएआरएफसीएन. यावरून फ्रिक्वेन्सी कळते. बँड ३ साठी आकड्यातून १२०० वजा करा, ०.१ ने गुणा आणि १८०५ मिळवा. १३०० दिसला तर १८१५ मेगाहर्ट्झ. बँड ४० मध्ये ३८६५० वजा करून, ०.१ ने गुणून २३०० मिळवायचे. ३९१५० म्हणजे २३५० मेगाहर्ट्झ. फाइव्हजीत आकडा ६००००० च्या, म्हणजे ३००० मेगाहर्ट्झच्या, खाली असेल तर सरळ ०.००५ ने गुणा. त्याच्या वर ६००००० वजा करून ०.०१५ ने गुणा आणि ३००० मिळवा, म्हणजे ६४०००० चे ३६०० मेगाहर्ट्झ होतात आणि बँड निघतो एन७८ (फाइव्हजीच्या बँडच्या नावाआधी ‘एन’ लागतो).

पीसीआय, म्हणजे जवळपासचे सेल वेगळे ओळखण्यासाठीचा छोटा क्रमांक, फोरजीत ० ते ५०३ आणि फाइव्हजीत ० ते १००७ मध्ये असतो. हे क्रमांक पुन्हापुन्हा वापरले जातात, तेव्हा एकट्या पीसीआयवरून टॉवर ठरवू नका.

टॉवर नेमका कुठला

टायमिंग ॲडव्हान्स, म्हणजे सिग्नलला लागणाऱ्या वेळेवरून टॉवरचं अंतर सांगणारा आकडा, दिसत असेल तर काम सोपं होतं. फोरजीत त्याची एक पायरी सुमारे ७८ मीटरची. ६ आला तर अंतर साधारण ४७० मीटर. सिग्नल इमारतींवरून आदळून आला तर अंतर जास्त भासतं, म्हणून सर्वांत लहान वाचन धरा. तीन ठिकाणांहून नकाशावर वर्तुळं काढली की टॉवर सापडतो. काही फोन मात्र हा आकडा सतत ० किंवा रिकामाच दाखवतात. मग आरएसआरपी (सिग्नलची ताकद) बघत चालत जाण्याला पर्याय नाही. लोकांनी गोळा केलेल्या नकाशांवरची खूण हा बहुधा मोजणीवरून काढलेला अंदाज असतो. जिथे लोक फिरले त्या रस्त्याकडे ती ओढली जाते.

टॉवर सापडला की सार्वजनिक रस्त्यावरून, एकाच जागेवरून, एकाच झूमने फोटो काढून ठेवा. कुंपणाच्या आत जाऊ नका, आणि गच्चीवरच्या अँटेनासमोर उभं राहणं तर टाळाच. फोटोत बघायचं ते असं: उंच, सडपातळ पॅनल बहुधा कमी फ्रिक्वेन्सीचे किंवा अनेक बँड एकत्र चालवणारे. आखूड, जाडजूड पेटीसारखं पॅनल, मागे थंड होण्यासाठी बाहेर काढलेल्या धातूच्या पातळ पट्ट्या आणि खाली मोजक्याच केबल, असं दिसलं तर ती मॅसिव्ह मायमोची (एकाच पॅनलमध्ये खूप छोट्या अँटेना असलेली) यंत्रणा असण्याची दाट शक्यता. ढोलासारखी गोल डिश ही फोनसाठी नसून टॉवर ते टॉवर दुव्यासाठी असते. ती उतरली तर फायबर पोचल्याचा संशय घ्यायला हरकत नाही. एकाच टॉवरवर तीन-चार कंपन्या असतात, त्यामुळे नवं पॅनल आपल्याच कंपनीचं आहे असं फोटोवरून ठरवू नका. क्रमांक बदलेपर्यंत थांबा.

नोंद आणि तिचा अर्थ

दोन-तीन पक्क्या जागा ठरवा: एक टॉवरजवळ, एक मध्यम अंतरावर, एक जिथे रेंज कशीबशी येते तिथे. आठवड्यातून एकदा, तोच फोन आणि तेच सिम घेऊन तारीख, वेळ, ईएनबी, सेल, पीसीआय, ईएआरएफसीएन, आरएसआरपी आणि एसआयएनआर (गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल किती स्वच्छ) लिहा. स्पीड टेस्ट घ्यायचीच तर एक पहाटे आणि दुसरी रात्री नऊच्या सुमारास.

जुन्या ईएनबीखाली नवे सेल क्रमांक आणि नवा ईएआरएफसीएन आला, तर बँड वाढला. तीच जागा, तीच फ्रिक्वेन्सी, पण ईएनबी नवा, तर बहुधा यंत्रणाच बदलली. थ्रीजीचे सेल गायब होऊन त्याच पट्ट्यात फोरजीचा नवा आकडा आला, तर जुनी फ्रिक्वेन्सी फोरजीकडे वळवली. अशा वेळी टॉवरवर डोळ्यांना काही फरक दिसेलच असं नाही. शेजारच्या सेलच्या यादीत नवा पीसीआय दिसतो पण फोन त्यावर जातच नाही, असंही होतं. ग्राहकांसाठी अजून न उघडलेला सेल असा दिसू शकतो. त्यावर खूण करून ठेवा आणि पुढच्या फेरीत आधी तोच तपासा.

क्रमांक तेच, पहाटेचा स्पीड उत्तम आणि रात्री रडतोय, तर ती गर्दी. पहाटेही प्रत्येक सेक्टरवर स्पीड एकाच आकड्याला अडत असेल तर टॉवरपर्यंतचा दुवा अरुंद असल्याचा संशय घ्या.

अपग्रेडनंतर आरएसआरपी घसरला म्हणून लगेच तक्रार करू नका. फोन ९०० वरून २३०० मेगाहर्ट्झवर सरकला की सिग्नल कमजोर दिसणारच, पण पट्टा रुंद असेल तर स्पीड वाढलेला असतो. मात्र तोच बँड, तोच सेल असून लांबच्या जागेचा आरएसआरपी दहा-बारा डेसिबलने पडला आणि जवळचा सुधारला, तर अँटेना खाली झुकवल्याची शक्यता मोठी. ही तक्रार करण्याजोगी गोष्ट आहे, आणि सोबत सेल क्रमांक व आधी-नंतरचे आकडे दिले तर तिला वजन येतं.

फाइव्हजीचं चिन्ह फसवतं

नॉन-स्टँडअलोन, म्हणजे फोरजीच्या आधाराने चालणाऱ्या फाइव्हजी जाळ्यात फोन आधी फोरजीला जोडलेला असतो. तो फोरजी सेल ‘इथे फाइव्हजीची सोय आहे’ असा संकेत प्रसारित करतो, आणि काही फोन तेवढ्यावरच चिन्ह दाखवतात, फाइव्हजी सेल आवाक्यात असो वा नसो. खात्री करायची तर डेटा वाहत असताना फाइव्हजीचा पीसीआय आणि एसएस-आरएसआरपी (फाइव्हजी सिग्नलची ताकद) दिसतो का ते बघा. या प्रकारात फाइव्हजी सेलचा पूर्ण ओळख क्रमांक सहसा मिळत नाही. स्टँडअलोनमध्ये, म्हणजे फोरजीविना चालणाऱ्या फाइव्हजीत, तो मिळतो, ३६ बिटांचा, पण त्यातला जीएनबीचा (फाइव्हजी साइटच्या यंत्रणेच्या क्रमांकाचा) भाग २२ ते ३२ बिटांपर्यंत कितीही असू शकतो. त्यामुळे फोरजीसारखं २५६ ने भागून चालत नाही. एका टॉवरचे तिन्ही सेक्टर मिळवा, क्रमांकांचा कुठला भाग सारखा राहतो ते बघा आणि त्यावरून त्या कंपनीची विभागणी ठरवा.

शेवटी आपला फोन कुठले बँड पकडतो ते तपासा. टॉवरवर एन२८ सुरू झाला आणि फोनला तो येतच नसेल, तर वहीत काहीच बदलणार नाही.