सैद्धांतिक रसायनशास्त्राच्या गटातील पहिले वर्ष: सुरुवात पाण्याच्या रेणूपासून

विद्यापीठातील सैद्धांतिक रसायनशास्त्राच्या गटात पीएच.डी.साठी दाखल झालेल्या विद्यार्थ्याने पहिल्याच आठवड्यात नव्या प्रकल्पातील भलामोठा रेणू संगणकावर गणनेला लावू नये. ज्याचे उत्तर आधीच ठाऊक आहे, असे गणित आधी करून पाहावे. त्यासाठी पाण्याचा रेणू पुरेसा आहे.

हार्ट्री-फॉक पद्धत (प्रत्येक इलेक्ट्रॉनाला इतरांचा केवळ सरासरी प्रभाव जाणवतो असे धरणारी) आणि ६-३१जी* हा आधारसंच (इलेक्ट्रॉनांचे वर्णन ज्या ठरावीक गणिती फलनांनी करायचे त्यांचा संच) घेऊन त्याची किमान ऊर्जेची रचना काढावी. ऑक्सिजन-हायड्रोजन बंधाची लांबी सुमारे ०.९४७ अँगस्ट्रॉम आणि कोन १०५.५ अंश आला, तर गणना बरोबर झाली असे समजावे. प्रयोगातील मूल्ये ०.९५८ आणि १०४.५ आहेत. त्यानंतर कंपन-वारंवारता काढाव्यात. त्या सुमारे १८२७, ४०७० आणि ४१८८ प्रति सेंमी येतात, तर प्रयोगात त्या १५९५, ३६५७ आणि ३७५६ आहेत. तिन्ही आकडे ११ ते १५ टक्क्यांनी जास्तच का, हे गटाच्या साप्ताहिक बैठकीत फळ्यापाशी उभे राहून सांगता आले पाहिजे: या पद्धतीत इलेक्ट्रॉनांचा परस्परसंबंध धरलेला नसतो आणि कंपन आदर्श स्प्रिंगसारखे मानलेले असते. माझ्या मते पहिला टप्पा हाच. नोंदणीचे पत्र त्यानंतरचे.

पुढे अभिक्रियांकडे वळल्यावर संक्रमण-अवस्थेची, म्हणजे अभिक्रियेच्या वाटेवरील सर्वांत जास्त ऊर्जेच्या रचनेची, पारख शिकावी. तिथे नेमकी एकच काल्पनिक वारंवारता (गणिती अर्थाने काल्पनिक, म्हणजे जिचा वर्ग ऋण असतो) असावी लागते, आणि बहुतेक संगणक-प्रणाली ती ऋण आकड्याने छापतात. मात्र तेवढ्यावर समाधान मानू नये. ते कंपन पडद्यावर चालवून पाहावे, कारण तुटायचा बंध जागच्या जागी आणि कोपऱ्यातला मिथिल गट मात्र गरगर फिरतो आहे, असे दृश्य मी स्वतः एकदा तीन आठवड्यांच्या कामानंतर पाहिले आहे.

सामायिक संगणकावर लॉगिन केलेल्या यंत्रावरच गणना चालवू नये. ती रांगेत लावावी, आणि मोठी गणना लावण्यापूर्वी खर्चाचा अंदाज घ्यावा. सीसीएसडी(टी) या अतिशय अचूक पद्धतीचा खर्च रेणूच्या आकाराच्या सातव्या घाताने वाढतो, म्हणजे रेणू दुप्पट झाला की काम १२८ पट होते. याच अडचणीवर पुणे विद्यापीठात श्रीधर गद्रे यांच्या गटाने रेणूचे एकमेकांवर चढणारे तुकडे बेतून पुन्हा जोडण्याची पद्धत विकसित केली. तिच्या ‘मॉलिक्युलर टेलरिंग अप्रोच’ या इंग्रजी नावातच शिंपीकाम आहे.

प्रत्येक गणनेची नोंद त्याच दिवशी करावी: संगणक-प्रणालीची आवृत्ती, पद्धत, आधारसंच, विद्युतभार, स्पिन-बहुलता (जोडी न झालेल्या इलेक्ट्रॉनांच्या संख्येवरून ठरणारी) आणि द्रावकाचे प्रतिमान. वेगवेगळ्या पद्धतींनी किंवा आधारसंचांनी काढलेल्या ऊर्जा एकमेकींतून वजा करू नयेत. खोलीच्या तापमानाला ऊर्जा-अडथळ्यात अवघ्या १.४ किलोकॅलरी प्रति मोलची चूक झाली, तरी अभिक्रियेचा अंदाजित वेग दहापटीने बदलतो. संशोधन सल्लागार समितीसमोर प्रगती मांडताना म्हणूनच आकड्याशेजारी त्याची अपेक्षित चूकही लिहावी. समिती बहुधा तेच विचारते.

पहिला शोधनिबंध पाठवण्यापूर्वी सर्व रचनांचे निर्देशांक (अणूंची स्थाने दाखवणारे आकडे) पूरक माहितीत घालावेत आणि त्यांतील एक रचना गटातील एखाद्या सहकाऱ्याला देऊन, त्याने ती आपली मदत न घेता पुन्हा गणावी, अशी विनंती करावी. त्याची ऊर्जा जुळली नाही, तर निबंध थांबवून आधी नोंदवही उघडावी.