ज्यूल कधी, इलेक्ट्रॉन-व्होल्ट कधी: एम.एस्सी. भौतिकशास्त्राला नव्याने येणाऱ्यांसाठी

एम.एस्सी.च्या पहिल्या सत्रात आम्हाला फोर प्रोबचं प्रॅक्टिकल होतं. जर्मेनियमचा छोटासा तुकडा, त्यावर एका ओळीत टेकलेल्या चार टोकदार पिना आणि हे सगळं एका लहान भट्टीत. तापमान वाढवत व्होल्टेज टिपायचं, रोधकतेच्या नॅचरल लॉगचा केल्विन तापमानाच्या व्यस्ताशी (१/T) आलेख काढायचा आणि उताराला बोल्ट्झमन स्थिरांकाच्या दुपटीने गुणायचं, की बँड गॅप, म्हणजे इलेक्ट्रॉनला मोकळं होऊन वीज वाहायला लागणारी किमान ऊर्जा, मिळते. माझा उतार सुमारे ४००० केल्विन आला. स्थिरांक पाठ होता, १.३८ गुणिले १० चा उणे २३ वा घात. उत्तर आलं १.१ गुणिले १० चा उणे १९ वा घात. पुस्तकात बँड गॅप इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये (एका इलेक्ट्रॉनला एका व्होल्टमधून जाताना मिळते तेवढी ऊर्जा) असते, म्हणून जर्नलमध्ये तेच एकक लिहून मोकळा झालो.

सरांनी माझी आकडेमोड पाहिलीच नाही. एवढंच विचारलं, "या खोलीत उष्णतेची ऊर्जा किती?" एका कणामागे साधारण एक चाळीसांश इलेक्ट्रॉन-व्होल्ट, मी म्हणालो. "मग तुझी गॅप एवढी नगण्य असेल, तर इलेक्ट्रॉनांना ती ओलांडायला अडवणार कोण? हा अर्धवाहक राहिला कुठे?"

उत्तर ज्यूलमध्ये होतं. १.६०२ गुणिले १० चा उणे १९ वा घात याने भागलं आणि ०.६९ आलं. जर्मेनियमची गॅप ०.६७ च्या आसपास असते, म्हणजे प्रयोग चांगलाच जमला होता. तेव्हापासून बोल्ट्झमन स्थिरांक मी दोन्ही रूपांत लिहून ठेवतो. दुसरं रूप आहे ८.६२ गुणिले १० चा उणे ५ वा घात, इलेक्ट्रॉन-व्होल्ट प्रति केल्विन. गणित सुरू करण्याआधी कुठलं घ्यायचं ते ठरवा.

रूपांतराचा तक्ता पाठ करून माझं काही भलं झालं नाही. प्रत्येक एककाला ओळखीची एकेक गोष्ट बांधली, तेव्हा अंदाज यायला लागला. लिटरभर पाणी २५ अंशांवरून उकळीला न्यायला सुमारे ३१४ किलोज्यूल लागतात. वीजबिलातलं एक युनिट म्हणजे किलोवॅट-तास, ३६ लाख ज्यूल. त्यात असं अकरा लिटर पाणी तापतं. (किलोवॅट हा दर आहे, किलोवॅट-तास ही ऊर्जा. पदवीनंतरही ही गल्लत होते.) बिस्किटाच्या पुड्यावरची कॅलरी खरं तर किलोकॅलरी असते, ४१८४ ज्यूल. अर्ग जुन्या पुस्तकांत भेटेल. एका ज्यूलमध्ये एक कोटी अर्ग, बस्स.

अणूच्या आत मात्र ज्यूल हाताला लागत नाही. हायड्रोजनचा इलेक्ट्रॉन सोडवायला १३.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. युरेनियम-२३५ चं एक केंद्रक फुटलं की सुमारे २० कोटी मिळतात. रसायनशास्त्र आणि अणुशक्ती यांच्यातली दरी या दोन आकड्यांत मला पहिल्यांदा दिसली.

आणखी एक आकडा जवळ ठेवाच: १२४०. त्याला नॅनोमीटरमधल्या तरंगलांबीने भागलं की फोटॉनची ऊर्जा थेट इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये मिळते. ६५० चा लाल एलईडी घ्या, १.९ येतात. आता तोच एलईडी दीड व्होल्टच्या एका पेन्सिल सेलला जोडून बघा, नीट पेटत नाही, कारण इलेक्ट्रॉनला दीडच इलेक्ट्रॉन-व्होल्ट मिळतात. दोन सेल एकापुढे एक लावा, मध्ये शंभरेक ओहमचा रोधक घाला, आणि पेटेल.