बिल ऑफ लेडिंग किंवा गोदाम पावती हातात घेताना काय तपासावे

जहाजावर चढलेला किंवा गोदामात पडून असलेला माल विकत घेताना बहुतेक वेळा समोर येतो तो फक्त कागद: गोदामातल्या मालाची गोदाम पावती, किंवा बिल ऑफ लेडिंग, म्हणजे जहाजाने जाणाऱ्या मालासाठी वाहतूकदाराने दिलेला कागद. म्हणून पैसे सोडण्याआधी तो कागद ओळीओळीने वाचा.

आधी कागद कोणता आहे ते बघा. सी वेबिल आणि एअर वेबिल हे पावती आणि वाहतुकीच्या कराराचा पुरावा असतात, पण ते पुढे देऊन माल विकता येत नाही. तसे करायला हस्तांतरणीय बिल ऑफ लेडिंग किंवा तशीच गोदाम पावती लागते.

मग ‘कन्साइनी’चा, म्हणजे माल ज्याला मिळायचा त्याचा, रकाना. इथे अजिबात घाई नको. ‘टू ऑर्डर’ असेल तर कागद सही करून पुढे देता येतो, नुसतेच एखाद्याचे नाव असेल तर नाही. नुसते ‘टू ऑर्डर’ असल्यास मागच्या बाजूला माल पाठवणाऱ्याची सही हवी; ‘टू ऑर्डर ऑफ’पुढे बँकेचे नाव असल्यास त्या बँकेची. तिथपासून तुमच्यापर्यंत मधली एकही सही गळालेली चालत नाही. नाव न घालता नुसती सही केली असेल, तर कागद ज्याच्या हाती पडेल तो माल मागू शकतो. त्यामुळे पृष्ठांकन, म्हणजे मागच्या बाजूची ही सही, आपल्या नावानेच करून घ्यावे, असे मी आग्रहाने सांगेन.

आता मूळ प्रती मोजा. किती काढल्या ते बिलावरच छापलेले असते, बहुधा 3. सगळ्या ताब्यात घ्या. जमैकाहून लंडनला आलेल्या साखरेवर एका बँकेने पहिली प्रत तारण घेऊन कर्ज दिले. गोदीने मात्र दुसऱ्या प्रतीवर प्रामाणिकपणे माल सोडला. 1882 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे ब्रिटनच्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायपीठाने, गोदीला जबाबदार धरले नाही. बँकेच्या हाती कागद राहिला, साखर गेली.

‘शिप्ड ऑन बोर्ड’ (माल जहाजावर चढवला) ही नोंद आणि तिची तारीख पाहा. ‘रिसीव्हड फॉर शिपमेंट’ म्हणजे माल अजून जहाजावर चढलेला नसू शकतो. ‘पोती फाटलेली’, ‘पिंप गंजलेले’ असा शेरा असेल तर पतपत्रावर (लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे खरेदीदाराच्या वतीने बँकेने दिलेली पैशांची हमी) पैसे देणारी बँक सहसा ते बिल नाकारते. ‘सेड टू कंटेन’ (आत अमुक माल असल्याचे सांगितले आहे) असेल तर आतल्या मालाची खात्री वाहतूकदाराने केलेली नाही.

गोदाम पावती असेल तर थकलेले भाडे विचारा, कारण ते चुकते होईपर्यंत गोदामवाला माल अडवू शकतो. आधी काही माल उचलला गेला असल्यास त्याची नोंद पावतीवर आहे का, हेही पाहा. आणि एक लक्षात असू द्या: चोरीचा माल ठेवून मिळवलेल्या पावतीने खऱ्या मालकाचा हक्क सहसा बुडत नाही. विक्रेत्याकडे माल कुठून आला, ते विचारायला संकोचू नका.

माल उतरवून घेताना नुकसान दिसले तर तिथेच लेखी कळवा. समुद्री मालवाहतुकीचे आंतरराष्ट्रीय हेग-व्हिस्बी नियम लागू असतील तर वरून न दिसणाऱ्या नुकसानीसाठी 3 दिवस मिळतात आणि दावा 1 वर्षाच्या आत लावावा लागतो.