डॉल्फिन दाखवणारी होडी हाकताना

गोव्यात आग्वाद-सिकेरीच्या पाण्यात पहिली फेरी सकाळी सातच्या आसपास काढावी. ऑक्टोबर ते मे या हंगामात पहाटेचा मतलई वारा जमिनीकडून येतो, पाणी सपाट असतं आणि डॉल्फिनचा पंख लांबून दिसतो. दुपारी वायव्येचा खारा वारा सुटला की लाटांवर फेस येतो. मग पंख कुठला आणि फेस कुठला, कळत नाही.

भरती-ओहोटीचं कोष्टक आदल्या रात्रीच बघावं. वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते. मांडवी नदीच्या मुखाशी रेतीचे उथळ पट्टे आहेत. तिथे आतून वाहणारी ओहोटी आणि बाहेरून येणारी लाट समोरासमोर भिडली की लाट आखूड आणि उभी होते. ओहोटीच्या तिसऱ्या-चौथ्या तासाला ओढ सर्वांत जास्त, अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला त्याहून जास्त. अशा वेळी भरलेली होडी मुखातून नेऊ नये, पर्यटक कितीही घाई करोत.

निघण्यापूर्वी प्रत्येकाच्या जॅकेटचे पट्टे स्वतः ओढून बघावेत. वजन दोन्ही बाजूंना सारखं वाटावं आणि बजावून सांगावं: डॉल्फिन दिसला तरी जागेवरून उठायचं नाही. सगळे एका अंगाला धावले की होडी कलते, गोंधळात कोणीतरी पाण्यात जातं. इंधनाचा एक भाग जायला, एक यायला, तिसरा राखीव.

इथे दिसतो तो कुबडवाला डॉल्फिन. तो किनाऱ्यालगत, खाडीच्या तोंडाशी मासे धरतो. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या अनुसूचीत तो आहे. साधारण 300 मीटरवरूनच वेग उतरवावा. मागून पाठलाग नको, समोरून वाट अडवणं तर नकोच. बाजूने, त्याच्या दिशेला समांतर चालावं आणि 50 मीटरच्या आत शिरू नये. थ्रॉटल सारखा कमी-जास्त करू नये, आवाजातला अचानक बदल त्याला बुजवतो. तो आपणहून जवळ आला तर दिशा आणि वेग आहे तसाच ठेवावा. दोन होड्या आधीच असतील तर तिसरीने लांब थांबावं. कळप वारंवार दिशा बदलू लागला, फार वेळ बुडी मारून राहू लागला, शेपटी आपटू लागला, किंवा पिल्लू दिसलं, तर तिथून निघावं. एरवीही पंधरा मिनिटं पुरे. ‘दिसला नाही तर पैसे परत’ अशी बोली मात्र करूच नये. तीच तांडेलाला, म्हणजे होडी हाकणाऱ्याला, पाठलागाला लावते.

इंजिन थंड करून मागे पडणाऱ्या पाण्याच्या धारेवर सतत नजर हवी. धार बारीक झाली की बहुधा प्लॅस्टिकची पिशवी किंवा शेवाळ पाणी ओढायच्या जाळीवर बसलेलं असतं. इंजिन लगेच बंद करून वर उचलावं आणि जाळी साफ करावी. इंजिन जोरात फिरतंय पण होडी सरकत नाही, तर इंजिनाच्या पंख्याला (प्रोपेलरला) मासेमारीचं जाळं गुंडाळलंय का बघावं. तसं नसेल तर पंख्याचं आतलं रबर सुटलेलं असतं, तेव्हा अगदी मंद वेगाने परतता येतं. आग्वादच्या खडकांजवळ इंजिन बंद पडलं तर दुरुस्तीआधी नांगर टाकावा. दोर खोलीच्या पाचपट सोडावा, 8 मीटर पाण्यात 40 मीटर. कमी सोडला तर नांगर तळाला धरत नाही, ओढत येतो.