विझलेला बार्बेक्यू टेंटमध्ये घेताय? या चुका टाळा

थंडी पडली की पवनेच्या काठावर टेंट आणि बार्बेक्यू असा बेत ठरतोच, मजा येते, जरूर करा. पण जेवणं झाल्यावर गार वाजतंय म्हणून तीच शेगडी टेंटमध्ये ओढून घेतात ना, ते बघून खरंच जीव घाबरतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे "अगं विझलाय तो आता" असं म्हणणं. जाळ नाही, धूर नाही, वर पांढरी राख, पण खाली निखारे तासन्‌तास धुमसत असतात आणि अशा अर्धवट जळणाऱ्या कोळशातूनच कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू भरपूर निघतो. त्याला ना रंग ना वास, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा 200 पटीहून जास्त घट्ट चिकटतो, त्यामुळे शरीराला ऑक्सिजन पुरत नाही आणि झोपलेल्या माणसाला जाग येईलच असं नाही. 2024 मध्ये कोडाईकनालला बार्बेक्यू करून कोळसा खोलीतच ठेवून झोपलेली दोन तरुण मुलं सकाळी उठलीच नाहीत.

मग लोक म्हणतात झिप थोडी उघडी ठेवतो, खिडकी उघडतो, पंखा लावतो. नाही हो, तेवढ्याने भागत नाही. कोळशाची शेगडी टेंट, खोली, गाडी, बंद केलेली गॅलरी, गॅरेज यातल्या कशातच नको, पाऊस आला तरी नको. वापरून झालेली सुद्धा रात्रभर बाहेरच, टेंटपासून लांब राहू द्या. थंडीसाठी जाड पांघरूण घ्या. आणि घरातला स्मोक अलार्म कार्बन मोनॉक्साइड ओळखत नाही, त्याचा अलार्म वेगळा मिळतो.

डोकं जड झालं, गरगरतंय, मळमळतंय, तर आपण ॲसिडिटी नाहीतर दारूवर ढकलतो. एकाच वेळी दोघा-तिघांना तसं होत असेल तर आधी सगळ्यांनी बाहेर मोकळ्या हवेत या, झोपलेल्यांना हलवून उठवा, कोणी उठत नसेल तर ओढून बाहेर काढा आणि 108 ला फोन करा. बरं वाटलं म्हणून परत आत जाऊन झोपू नका, दवाखान्यात जा. तिथे कोळसा जवळ होता हे आवर्जून सांगा, कारण बोटाला लावायचा साधा ऑक्सिमीटर यात 98-99 असं नॉर्मल रीडिंग दाखवू शकतो, आणि खरं काय ते रक्ताच्या वेगळ्या तपासणीतच कळतं.