कर्नल अपग्रेडनंतर ‘परमिशन डिनाइड’: खापर फोडण्याआधी काय बघावं

नाशिकजवळच्या अंबड-सातपूरच्या कारखान्यांत डेस्कटॉप सपोर्टचं काम धरलंत, तर पहिल्याच पावसाळ्यात ही तक्रार येणार. रात्री लाइट गेली, पहाटे आली आणि सकाळपासून लिनक्सचं मशीन केबलला नाहीतर फाइलला हात लावू देत नाही. कुणीतरी बघतं की कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, नवा आलाय, आणि मग सगळं त्याच्याच नावावर जातं.

माझा अनुभव असा की बहुतेक वेळा कर्नलचा काही संबंध नसतो, घोळ रीबूटमुळे उघडा पडलेला असतो. उबुंटू या लिनक्सवर सुरक्षेचे अपडेट आपोआप बसतात, त्यात नवा कर्नलही येतो, पण मशीन बंद-चालू होईपर्यंत तो नुसता पडून असतो. तोवर जुना कर्नल चालतो आणि मागे कुणी केलेले जुगाडही चालतात. लाइट गेली की नवा कर्नल चढतो आणि त्याच क्षणी जुगाड उडतात.

म्हणून खुर्चीत बसल्यावर आधी टर्मिनलमध्ये ‘लास्ट रीबूट’ द्या. मशीन कधी कधी सुरू झालं आणि प्रत्येक वेळी कुठला कर्नल होता, हे एकाच यादीत दिसतं. मग मशीन रीस्टार्ट करून ग्रब मेनूतल्या (सुरू होताना कर्नल निवडायच्या यादीतल्या) ‘अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून मागचा कर्नल निवडा. मेनू दिसत नसेल तर सुरू होताना एस्केप दाबा, जुन्या बायॉसवर शिफ्ट. जुन्या कर्नलवरही तीच बोंब असेल तर कर्नल सुटला. हे न करता कॉन्फिगरेशन उकरणाऱ्याची अख्खी दुपार वाया जाते.

आता नेहमीचं प्रकरण. सीएनसी मशीनला प्रोग्रॅम पाठवणारा डेस्कटॉप, मागे यूएसबी-सिरियल कन्व्हर्टर, म्हणजे यूएसबीला जुन्या सिरियल केबलशी जोडणारा डबा. ऑपरेटर म्हणतो, “भाऊ, काल सेकंड शिफ्टला चालू होतं. मी कशालाच हात लावला नाही.” तो खरंच बोलत असतो. ‘एलएस -एल /डेव्ह/टीटीवाययूएसबी०’ दिलं की ओळीत मालक रूट (मशीनचं सर्वाधिकारी खातं), गट डायलआउट दिसतो. दोघांना वाचायची-लिहायची मुभा, बाकीच्यांना काहीच नाही. ऑपरेटरचं लॉगइन त्या गटात नाही. मग इतके दिवस चाललं कसं? मागे कुणीतरी त्या पोर्टवर ‘सीएचमॉड ६६६’ मारून, म्हणजे सगळ्यांना वाचायची-लिहायची परवानगी देऊन ठेवलेली असते. पण /डेव्ह मधल्या नोंदी डिस्कवर नसतात, मेमरीत असतात. मशीन सुरू झालं किंवा केबल काढून लावली की नोंद नव्याने तयार होते आणि ती नोंद सांभाळणारं युडेव्ह आपल्या नियमाप्रमाणे परवानग्या लावतं. केबल कुणी काढली नाही आणि मशीन कधी बंद झालं नाही, म्हणून जुगाड टिकला एवढंच.

कायमचा उपाय म्हणजे त्या लॉगइनला गटात घालणं: ‘सुडो युजरमॉड -एजी डायलआउट’ आणि पुढे लॉगइनचं नाव. यातला ए स्मॉल, जी कॅपिटल. ए विसरलात तर आधीचे जोडगट पुसले जातात, त्यात सुडोचा, म्हणजे रूटच्या अधिकाराने कमांड चालवू देणारा गटही जातो. आर्च लिनक्सवर हाच गट यूयूसीपी नावाने असतो. यानंतर नवशिके हमखास अडकतात ते इथे: गटात घातलं तरी एरर तोच. नुसतं ‘आयडी’ दिलं की चालू सेशनचे गट दिसतात, ‘आयडी’पुढे नाव दिलं की नोंदवलेले. दुसऱ्यात डायलआउट आहे आणि पहिल्यात नाही, तर लॉगआउट करून परत या. टर्मिनलची खिडकी बंद करून उघडणं पुरत नाही.

दोन कन्व्हर्टर असतील तर रीबूटनंतर त्यांचे टीटीवाययूएसबी०, १ हे क्रमांक उलटेही होतात. स्वस्तातल्या सीएच३४० चिपला स्वतःचा सिरियल नंबर नसतो, म्हणून त्यावरून ओळख पटत नाही; तेव्हा /डेव्ह/सिरियल/बाय-पाथ मधला, कुठल्या यूएसबी पोर्टला लावलंय त्यावरून ठरणारा पत्ता वापरा.

एररचे शब्द नीट वाचायची सवय लावून घ्या. ‘परमिशन डिनाइड’ आलं तर मालक, गट, परवानग्या बघा. ‘रीड-ओन्ली फाइल सिस्टम’ आलं, म्हणजे ड्राइव्हच फक्त वाचण्यापुरता जोडला गेलाय, तर सीएचमॉडला हात लावू नका. विंडोजसोबत वाटून घेतलेला डी ड्राइव्ह असेल तर विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद करा. त्यामुळे ड्राइव्ह अर्धवट झोपलेला राहतो आणि लिनक्स त्यावर लिहायचं टाळतं.

आणि सुडो लावूनही नकार येत असेल, तर फाइलच्या परवानग्या बघणं सोडा. रूटला अडवणारं दुसरंच काहीतरी आहे. कर्नल खरोखर जबाबदार असतो तो अशा प्रकरणांत. उदाहरणार्थ व्हर्च्युअलबॉक्स, म्हणजे मशीनच्या आत दुसरं मशीन चालवणारं सॉफ्टवेअर: त्याचं मॉड्यूल (कर्नलला जोडायचा तुकडा) प्रत्येक नव्या कर्नलसाठी पुन्हा बांधावं लागतं, आणि सिक्युअर बूट (सही नसलेला कोड अडवणारी सोय) चालू असेल तर त्यावर सहीही लागते. सही नसेल तर ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’ असा निरोप येतो. अशा वेळी मोकयुटिल या कमांडने सहीची चावी नोंदवायची, रीस्टार्टनंतरच्या निळ्या स्क्रीनवर पासवर्ड द्यायचा. ती स्क्रीन काही सेकंदच थांबते, चहाला जाऊ नका.

उबुंटू २२.०४ वरून २४.०४ वर गेलेल्यांचं दुखणं वेगळं. काही अॅपइमेज (एकाच फाइलमध्ये मिळणारी अॅप) उघडतच नाहीत, सँडबॉक्सची, म्हणजे अॅपला कोंडून चालवायच्या कुंपणाची तक्रार करतात. २४.०४ मध्ये साध्या युजरला नेमस्पेस (ज्यावर हे कुंपण उभं राहतं ते) बनवण्यावर अॅपआर्मर या सुरक्षा यंत्रणेने बंधन घातलंय. ‘नो-सँडबॉक्स’ लावून चालवा असा सल्ला सर्रास मिळतो, मला तो पटत नाही. त्या अॅपसाठी अॅपआर्मरचं प्रोफाइल लिहिणं दहा ओळींचंही काम नाही. नकार अॅपआर्मरचाच आहे का, हे ‘सुडो डीमेसेज’ (dmesg, कर्नलचा लॉग) मध्ये ‘डिनाइड’ शोधून कळतं. सुडो लावाच, कारण २०.१० पासून उबुंटूत साध्या युजरला तो लॉग दिसत नाही.

राहिला ‘सीएचमॉड -आर ७७७’, म्हणजे फोल्डरातल्या सगळ्यावर सगळ्यांना सगळी मुभा. सीनियर गडबडीत असला की हाच मंत्र देतो. होम फोल्डरवर मारलात तर दूरच्या मशीनवर लॉगइन करून देणारं एसएसएच आपली चावी फार उघडी आहे म्हणून ती वापरायला नकार देतं. मुळापासून मारलात तर सुडोच्या फाइलवरचा सेटयुआयडी बिट (तिला रूटच्या अधिकाराने चालू देणारी खूण) उडतो, म्हणजे सुडोच मेलं. मग रिकव्हरी मोड, आणि तिकडे शिफ्ट सुपरवायझर दर पाच मिनिटांनी डोकावणार. त्यापेक्षा कामाला हात घालण्याआधी ‘युनेम -आर’चं उत्तर (चालू कर्नलचा क्रमांक), एररची पूर्ण ओळ आणि त्या फाइलचं ‘एलएस -एल’ वहीत उतरवून ठेवा. पुढच्या शिफ्टच्या माणसाला फोन न करता काम पुढे नेता येतं.