चेनसॉ चालवताना: सेफ्टी पँट किती वाचवते, कुठे हात टेकते

सेफ्टी पँट साखळीने कापली जात नाही, असं बरेच जण धरून चालतात. कापली जाते. वरचं कापड साखळी टेकताक्षणी फाटतं. आत लांब, सैल धाग्यांचे थर असतात. साखळीचे दात ते ओढून काढतात, धागे मशीनच्या दातेरी चाकात गुंततात आणि साखळी अडकते. अशी पँट एकदा बघून ठेवावी: मांडीवर चार बोटांची चीर आणि तिच्यातून थेट मशीनच्या पोटात शिरलेला पांढरा गुंता. ती पँट त्या दिवशीच निकालात काढायची. शिवून पुन्हा घालणं म्हणजे साधी पँट घालणं.

पँट निवडताना

लेबलवरचा वर्ग वाचा. चाचणीत साखळीचा वेग वर्ग 1 ला सेकंदाला 20 मीटर, वर्ग 2 ला 24 आणि वर्ग 3 ला 28 मीटर असतो. मोठ्या मशीनची साखळी पूर्ण रेसवर याहूनही जोरात पळू शकते. बॅटरी किंवा विजेवरच्या मशीनची मोटर वेग पडला तरी जोर सोडत नाही, त्यामुळे धाग्यांनी ती थांबेलच असं नाही. टाइप ए पँटमध्ये हे थर मुख्यतः पुढच्या बाजूला असतात, मागे पोटरीवर नुसतं कापड. टाइप सीमध्ये ते पायाभोवती सगळीकडून असतात. गरम होतं, पण नवख्याने हीच घ्यावी. ब्लीचमध्ये धुतलेल्या पँटचा भरवसा धरू नका.

हेल्मेट, कानावर मफ, ग्रिपचे बूट, हातमोजे हे हवेतच. मशीनचा आवाज 100 डेसिबलच्या पुढे जातो. हेल्मेटची जाळी ढलपे अडवते, बारीक भुसा नाही. म्हणून आत चष्मा. आणि जाळी साखळी अडवायला बनवलेलीच नसते.

मशीन तपासा

इंजिन बंद असताना साखळी हाताने ओढून बघा: फिरायला हवी, पण बारच्या (जिच्याभोवती साखळी फिरते त्या लांब पट्टीच्या) खाली लोंबायला नको. कापताना ढलप्यांऐवजी पीठ पडत असेल, तर दात बोथट आहेत. कानस मारा. बोथट साखळीवर माणूस जोर देतो आणि तोल तिथेच जातो. रेस सोडल्यावरही साखळी रांगत असेल, तर ते मशीन कामाला काढू नका.

सुरू करताना

चेन ब्रेक (साखळी अडवून धरणारा ब्रेक) लावा, मशीन जमिनीवर ठेवा, उजव्या बुटाचं टोक मागच्या हँडलमध्ये दाबा आणि दोरी ओढा. मशीन हवेत सोडत दोरी ओढणं दिसायला झोकात दिसतं, पण त्यात साखळी कुठे जाईल यावर कुणाचाच ताबा नसतो. पेट्रोल भरलं तिथून निदान 3 मीटर दूर जाऊनच सुरू करा.

कापताना

खरी भीती बारच्या टोकाची, त्यातही वरच्या पाव भागाची. तो भाग चालत्या साखळीसह मागच्या फांदीला टेकला की मशीन उसळून वर, तुमच्या तोंडाकडे येतं. याला किकबॅक म्हणतात. डोळा मिटायच्या आत सगळं होतं, म्हणून ‘मी सावध आहे’ याला इथे अर्थ नाही. चेन ब्रेक बहुतेकदा वेळेवर लागतो, पण तोही यंत्रच. पँट मांडीला आहे. मान आणि खांद्यावर बहुधा शर्टच असतो.

म्हणून डाव्या हाताचा अंगठा पुढच्या हँडलखालून पूर्ण वळवलेला हवा, कोपर सरळ हवं. उभं राहायचं ते बारच्या रेषेत नाही, किंचित डावीकडे: उसळलंच तर मशीन उजव्या खांद्यावरून जावं. खांद्याच्या वर कापू नका. शिडीवर तर नाहीच. बाकलेली, ताणलेली फांदी दिसली तर कोणत्या बाजूने सुटेल ते आधी बघा आणि त्या बाजूला उभे राहू नका.

झाड पाडायचं असेल तर उंचीच्या दुप्पट अंतरात कुणी नको. पडण्याच्या दिशेच्या उलट, तिरपी मागे जाणारी वाट आधीच साफ करा.

लागलंच तर

एकट्याने काम करू नका. जखम खोल असेल तर कापड कोंबून पूर्ण वजनाने दाबा आणि सोबत्याला रुग्णवाहिका बोलवायला सांगा. रक्त तरीही थांबलं नाही, तर जखमेच्या वर, सांधा टाळून टूर्निकेट (रक्त थांबवायला हातापायाभोवती आवळायचा पट्टा) आवळा आणि बांधल्याची वेळ लिहून ठेवा. टूर्निकेट पिशवीत किंवा गाडीत नको. दोन्हीपैकी कोणत्याही हाताने काढता येईल, अशा खिशात ठेवा.